त्याने होय म्हटलं नव्हतं

माझ्या धाकट्या भावाबद्दल गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक तिठ्यावर, नाक्याच्या गप्पांत सांगतात: ढालीच्या हावेने गोळ्या खाल्ल्या आणि त्यात मेला. दुसरी व्यायामशाळेच्या वार्षिक कार्यक्रमात, हार घातलेल्या फोटोसमोर सांगतात: जिद्दी स्पर्धक होता, शेवटपर्यंत झुंजला. दोन्ही खोट्या आहेत. गोळ्या मी दिल्या होत्या. आणि झुंजायचं कशासाठी, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. मला ते त्याचं वैगुण्य वाटत असे.

आमचं गाव देवबागच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून. मी हायस्कूलात खेळाचा मास्तर होतो. भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, शाळा अर्धी सोडून रापणीवर गेलेला. होडी मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि किनाऱ्यावरची माणसं दोन्ही टोकांचे दोर धरून, मागे मागे चालत ते ओढतात, ती रापण. दोर सगळ्यांनी सारखा ओढावा लागतो. एका बाजूची माणसं जोरात आली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. लहानपणी मी त्याला शाळेच्या मैदानावर शर्यतीत उभं केलं, तर तो बाजूच्या मुलाच्या बरोबरीने धावत राहिला. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "एकटोच फुडे गेलंय तर तो रडात."

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळ लढवतात. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्याच्यावर आपला मारायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बोटाने टिचकी मारून कठीण नारळ ओळखायचं कसब भावाला होतं. गावातले अर्धे लोक त्याच्याकडून नारळ निवडून घेत. तो दोन्ही बाजूंना निवडून द्यायचा आणि स्वतः बघ्यांत उभा राहायचा. कुणीतरी दरवर्षी ओरडायचं, "अरे मेल्या, तू खंयच्या पार्टीतलो?" तो हसायचा.

रापणीची जाळी ठेवायच्या जुन्या मांगरात, म्हणजे कौलारू खोपटात, मी व्यायामशाळा चालवायचो. तरुणपणी मी स्वतः शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांना कोल्हापुरापर्यंत जाऊन आलो होतो. कधीच क्रमांक आला नाही. नंतर कितीतरी मुलं तयार केली, त्यांचाही आला नाही. पोरं मुंबईला नोकरीला जायची, नाहीतर लग्न होऊन सुटायची. मांगराच्या भिंतीवर एक फळी ठोकून ठेवली होती, ढालींसाठी. तिच्यावर रापणवाले दोर ठेवायचे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. सकाळी शाळेत जाताना किनाऱ्याने गेलो तर रापण ओढणं चालू होतं. भाऊ दोराच्या अगदी शेवटी, माझ्याकडे पाठ करून. मी सायकल थांबवून त्या पाठीकडे बघत राहिलो. वीस वर्षं मी पोरांना जी पाठ लोखंड उचलून कमवायला सांगत होतो, ती माझ्या घरात पेज जेवत होती. मला आनंद झाला असं म्हणायला हवं. खरं म्हणजे मला हाव सुटली.

त्याला मी मांगरात बोलावलं. तो आला, कारण मी बोलावलं. आधी झाडू मारायचा, मग मी सांगेन ते वजन उचलायचा आणि बाकीच्या पोरांची वजनं जागेवर ठेवून घरी जायचा. त्याला ते आवडतही असावं. तोवर स्पर्धेचं काहीच बोलणं नव्हतं. मग तळेऱ्याला एका मंडळाने जिल्ह्याची स्पर्धा ठेवल्याचं कळलं. मी त्याला म्हटलं, "ह्या खेपेक तू."

"माका नको रे दादा. माका धावूक सांग, उचलूक सांग. पण लोकांच्या म्होरं चड्डीर उभो रवान, मी ह्येच्यापेक्षा बरो म्हणान सांगूचा? माका नाय जमूचा."

मला दुसरा रस्ता माहीत होता.

आमच्याकडे कुठलंही काम देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावातर्फे मानकरी देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. ते विचार करून कुणी म्हणत नाही. वाक्याचा सूर खाली आला की तोंडातून आपोआप येतं. मी आदल्या दिवशी मानकऱ्याला भेटून भावाचं नाव गाऱ्हाण्यात घालायला सांगितलं. तो म्हणाला, "तेका इचारलंस मां?" मी हो म्हटलं.

देवळात व्यायामशाळेची पोरं होती, रापणीवरची माणसं होती. भाऊ खांबाला टेकून, हात जोडून उभा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझ्या पायार नारळ ठेवल्यानी हा…"

"होय म्हाराजा!"

"तळेऱ्याच्या स्पर्धेक ह्या गावचो मान म्हणान…" आणि मानकऱ्याने माझ्या भावाचं नाव घेतलं. "…उभो रवतलो. तेका यश दी म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

सगळ्यांबरोबर त्याचाही आवाज होता. म्हणून झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मानकरी पुढे गेला होता: "काय चुकला माकला आसात तां पोटात घाल म्हाराजा." पुन्हा सगळे होय म्हणाले. ह्या वेळी त्याचे ओठ हलले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "माजा नाव कित्याक घातलंस?"

"तूच होय म्हटलंस. देवाच्या म्होरं."

बाजूला उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो पायऱ्या उतरून गेला.

मग तयारी सुरू झाली. त्याने कशातही कुचराई केली नाही. माणूस एकदा दोराला लागला की दोर सोडत नाही, तसा तो लागला. पेज बंद, भात बंद. उकडलेली अंडी आणि कोंबडी, नंतर नंतर तीही अळणी. त्याची बायको बाजारात मासे विकायची. पाटीतली उत्तम सुरमई दुसऱ्याला विकून घरी येऊन नवऱ्यासमोर उकडलेलं अंडं ठेवायची, तेव्हा तिचं तोंड बघवत नसे. मी मीठ बंद करायला सांगितलं त्या दिवशी ती अंगणात बांगडे खारवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, मीठ लावल्याबिगर सुकवलेलो बांगडो कुसता हां."

"अगे, तेका खारवूचा नाय, सुकवूचा," मी म्हटलं आणि स्वतःच हसलो. भाऊही हसला. ती हसली नाही.

त्याला सर्वात जड गेलं ते आरशासमोर उभं राहणं. मांगराचं दार लावून मी त्याला दंड फुगवायला, छाती दाखवायला शिकवायचो. पाठ फिरवली की तो उत्तम करायचा, कारण समोर कोणी नसायचं. तोंड आरशाकडे केलं की हसू यायचं, नाहीतर खांदे आत घ्यायचा, जसा गर्दीत दुसऱ्याला वाट देताना घेत असे. "हसां नको," मी ओरडायचो. "तू ह्या सगळ्यांपेक्षा बरो आसस, असा तोंडार दिसाक व्हया."

"पण मी तेंका बघलंय खंय?" तो म्हणाला. "बरे असतीत तर?"

स्पर्धेच्या आठवड्यात तो किनाऱ्यावर मला भेटायला आला. मी वाळूत ओढून ठेवलेल्या जाळ्यावर बसलो होतो. तो वाळूत उभा राहिला, बसला नाही. "दादा, माका झोप लागना नाय. डोळे मिटलंय काय सगळे माज्याकडे बगतत. माका सोड."

मी त्याला सोडू शकलो असतो. त्याने मागितलं ते एवढंच होतं. मी म्हटलं, "माका काय सांगतंस? देवाक होय म्हटलंस, तेका सांग."

तो देवाला सांगायला जाणार नाही हे मला माहीत होतं. देवाशी आपल्याकडे मानकरी बोलतो.

शेवटचे दोन दिवस पाणी तोडायचं असतं, असं मी कोल्हापूरला शिकलो होतो. पाणी तोडलं की कातडीखालचं पाणी जातं, शिरा वर येतात. त्याला जोड म्हणून लघवीची गोळी घेतात, हेही तिथेच ऐकलं होतं. आमच्या आईच्या पायांना सूज येत असे, तिच्यासाठी तशा गोळ्या घरात होत्या. मी पाकिटातून काही गोळ्या कात्रीने कापून काढल्या, नाव दिसणार नाही अशा. एक त्याच्या तळहातावर ठेवली, बाकीचा तुकडा त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. "ताकदीची आसा," मी म्हटलं. त्याने गोळी क्षणभर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि कोरडीच गिळली. दुसऱ्या दिवशी आई विचारत होती, "माज्यो गोळयो कमी कशो झाल्यो?" मी म्हटलं, पडल्या असतील.

आदल्या दिवशी रापणीला माणसं कमी होती. त्याला बोलावणं आलं. त्याने मला विचारलं, जाऊ काय? वर ऊन असं की वाळूवर पाय ठेवता येत नव्हता. मी म्हटलं जा, अंग आणखी सुकेल.

तळेऱ्याला आम्ही जीपने गेलो. जीपमध्ये त्याने डोकं दाराला टेकवलं होतं. कणकवलीला चालक सरबत प्यायला थांबला, तेव्हा भावाने मान दुसरीकडे वळवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला ते दिसलं नाही असं नाही. मला दंडावरच्या शिरा जास्त दिसत होत्या.

मंडपात गर्दी होती. पोरं एकेकाला नावं ठेवत होती. भाऊ मंचावर आला तेव्हा मागून कुणी ओरडलं, "ह्यो बघा सुको बांगडो इलो!" आणि लोक हसले. मग त्याने पाठ फिरवली आणि हसणं बंद झालं. परीक्षकांतला एक पुढे वाकून दुसऱ्याच्या कानात काही बोलला. मी सुखाने खुर्चीच्या कडेवर सरकलो.

त्यानंतर चौघांना एकत्र उभं केलं. त्याच्या बाजूला एक कोवळा, थरथरणारा तरुण होता. दिव्याचा उजेड मधोमध होता आणि तो तरुण कडेला अंधारात पडला होता. भावाने ते बघितलं आणि तो मागे सरकला, त्याला जागा देऊन. लोकांना ते कळलंही नसेल. मला कळलं. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "फुडे ये! तुज्या आवशीक… फुडे ये!" शिवी अर्धीच बाहेर आली, आमची आई एकच होती.

तो पुढे आला. दोन्ही दंड वर घेतले. मग त्याचे पाय आखडले, हात वरचे वरच राहिले, आणि तसाच, दोर तुटल्यावर माणूस मागे पडतो तसा, तो पाठीवर पडला. लोकांना वाटलं हीही एक तऱ्हा आहे. काहींनी शिट्ट्या मारल्या.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "पाणी व्हया," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता चलात मां?" स्पर्धा संपली का, आता पाणी प्यायलं तर चालेल का, असं तो मला विचारत होता.

त्याला आधी कणकवलीच्या आणि तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, ह्यांनी काही घेतलं होतं का, गोळ्या, इंजेक्शन? बाजूला भावजयीचा भाऊ उभा होता, रापणीवरचे दोघे होते.

मी शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हटलं, "मला कल्पना नाही."

संध्याकाळी त्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचा तो कापलेला तुकडा कुणाच्या तरी हाती लागला. दुसऱ्या दिवशी तिठ्यावर गोष्ट तयार होती. मी ती ऐकली आणि पुढे चालत राहिलो.

तो जगला, पण मूत्रपिंडं गेली. रक्त स्वच्छ करायला आठवड्यातून दोनदा गोव्याला जावं लागे. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: मीठ बंद, पाणी मोजून. मी लावलेला नेम त्याला जन्मभराचा लागला. सकाळी बायको स्टीलच्या तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवायची आणि बाजारात जायची. तो किनाऱ्यावर माडाच्या सावलीत बसून दोर ओढणाऱ्यांकडे बघत असे. चूळ भरून थुंकायचा, तेवढंच तोंड ओलं. त्या पाठीवरची हाडं मोजता येऊ लागली. एकदा मी बाजूला जाऊन बसलो, तेव्हा तांब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, तुज्या स्पर्धेची तयारी अजून सोपली नाय बग."

तो विनोदच करत होता. त्याच्या स्वभावात टोमणा नव्हता. म्हणून मला तिथून उठता येईना.

दोन हजार नऊमध्ये, चतुर्थीच्या आधी तो गेला. मागे बायको आणि शाळेत जाणारा मुलगा.

पुढे व्यायामशाळा मोठी झाली. मी निवृत्त झालो. नव्या मुलांना गोळ्यांची गोष्ट लाजिरवाणी वाटायची, म्हणून त्यांनी दुसरी तयार केली, जिद्दीची. मी तीही ऐकून घेतली, फोटोला दरवर्षी हार घातला. मागच्या वर्षी त्यांनी ठरवलं की त्याच्या नावाने स्पर्धा भरवायची. फलकावर काय लिहायचं ते मी लिहून द्यावं असा निरोप आला. मी भावजयीला विचारायला गेलो. ती आता थकली आहे, बाजारात जात नाही, पण अंगणात मासे खारवते.

मी तिला वाचून दाखवलं. जिद्दी ह्या शब्दावर तिने हात थांबवले.

"जिद्दी? ते? भावजी, जिद्द तुमची हुती. तेंची खंयची?"

मी कागद घडी केला आणि तिला सगळं सांगितलं. गाऱ्हाणं, पाणी, गोळी, डॉक्टरला दिलेलं उत्तर. इतकी वर्षं मी मनात जुळवलेली वाक्यं होती, ती भराभर संपली.

तिने मिठाचा हात पदराला पुसला. "माका म्हायती आसा. तेंनी तेवाच सांगितल्यानी. आवशीच्यो गोळयो म्हयन्याच्या म्हयन्याक दुकानातसून कोण हाडी? तेच हाडीत. हातार ठेवल्याबरोबर वळाखल्यानी."

"मगे घेतल्यान कित्याक?"

"तुमी दिलास म्हणान."

ती पुन्हा कामाला लागली. एक बांगडा चिरून, मीठ भरून बाजूला ठेवला, आणि मग म्हणाली, "माका सांगान काय करतलास? माका आधीच ठावक. माजो झिल, तेंचो पोरगो, भायर तोंड दाखवताना लोक काय बोलतत तां तुमी आयकलास कदी? थंय सांगा. तिठ्यार सांगा."

तिठ्यावर मला जमलं नाही. मी देवळात गेलो, स्पर्धेसाठी नारळ ठेवायच्या दिवशी. जुना मानकरी वारला, आता त्याचा मुलगा आहे. मुलं होती, रापणीवरची उरलेली म्हातारी माणसं होती. बायकांच्या बाजूला खांबाजवळ भावजय उभी होती. मानकऱ्याला मी म्हटलं, आज गाऱ्हाण्याआधी मला बोलायचं आहे. मी सुरुवात केली: "माझ्या बंधूच्या निधनासंबंधी काही गैरसमज…"

"मास्तर," मागून एक म्हातारा म्हणाला, "हापिसात इल्यासारखे बोला नकात. आमच्या भाषेत सांगा."

मग मी सांगितलं. गोळयो मी दिलंय. तो नको म्हणत हुतो. तेणी होय म्हटल्यान नव्हता, मी म्हणवून घेतलंय. डॉक्टराक खोटा सांगितलंय. एवढीच वाक्यं. आमच्या बोलीत ती फार छोटी झाली.

मानकऱ्याचं वय लहान, त्याला पुढे काय करावं ते सुचेना. त्याने वडिलांकडून जे शिकलं होतं तेच धरलं. नारळ पायरीवर ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज जां काय सांगितल्यान, तां तू आयकलंस…"

"होय म्हाराजा," लोक म्हणाले, दबक्या आवाजात.

"तेच्या हातसून काय चुकला माकला आसात, तां पोटात घाल म्हाराजा."

सूर खाली आला. देवळात कुणाचाही आवाज आला नाही. मानकरी थांबला. मी जन्मभर त्या देवळात जातो आहे, त्या वाक्यावर लोक थांबलेले मी कधी बघितले नव्हते. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. मी भावजयीकडे बघितलं. ती देवाकडे बघत होती, तोंड मिटून.

होय आल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. मानकऱ्याने तो उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी माझ्या हातात दिला. मी त्यावर, भाऊ मारायचा तशी, बोटाने टिचकी मारून बघितली. मला त्यातलं काही कळत नाही.